फ्रॉकच्या घेराला मशिनीवर चुण्या घालताना

मशीन घरात आली, सरळ टीप जमायला लागली, पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवून झाले, की पुढची फर्माईश घरातूनच येते: पोरीला फ्रॉक शिव. बॉडी, म्हणजे कमरेच्या वरचा भाग, कशीबशी होते. गाडी अडते ती घेरापाशी, म्हणजे कमरेखालच्या चुण्यांच्या भागापाशी. २६ इंच कापड १३ इंचांत बसवायचं, आणि कुठं झुपका दिसता कामा नये की कुठं सपाट राहता कामा नये. शिवणक्लासमध्ये बहुतेकींचा पहिला फ्रॉक इथंच उसवला जातो, कारण सगळं लक्ष दोरा ओढण्यावर असतं. दोरा कुणालाही ओढता येतो. चुण्या सुधारतात किंवा बिघडतात त्या ओढण्याच्या आधी, कापडाची वाटणी करताना. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचं सगळं हाताच्या सवयीचं काम आहे.

खाली तीन-चार वर्षांच्या मुलीचा साधा फ्रॉक धरून सांगते. मापं आपल्या पोरीप्रमाणं बदला, रीत तीच राहील.

कापड कोणतं घ्यावं

शिकताना सुती कापड घ्या. पॉपलिन, केंब्रिक, लॉन यांतलं काहीही चालेल. चुणी दाबली की दबते, खडूची खूण उठते, टाका दिसतो. सॅटिन आणि जॉर्जेट हातातून निसटतं, ते पुढच्या खेपेला. परभणी-जालन्याच्या उन्हाळ्यात लेकराच्या अंगाला सुतीच बरं पडतं, हे वेगळं सांगायला नको.

कापड आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. चुण्या घातल्यावर आटलं तर कमरेची शिवण सुरकुतते आणि सगळी मेहनत दिसेनाशी होते.

कापड किती जाड आहे यावर घेर ठरतो. मलमलीला अडीच ते तीनपट घेतलं तरी चुण्या बारीक बसतात. पॉपलिनला दुप्पट पुरे. जाड खादी असेल तर दीडपटीवर थांबावं. (नांदेडची खादी म्हटलं की आपल्याला राष्ट्रध्वज आठवतो, पण तिथल्या भांडारात अंगात घालण्याजोगी पातळ खादीही बघायला हरकत नाही.) हिमरूला मात्र चुण्यांच्या वाटेला जाऊच नका. एक तर ते कापड मुळात भरीव, त्यात मागच्या बाजूला नक्षीचे दोरे मोकळे असतात. गोळा केलं की कमरेला वळकटी होते. हिमरूला चपट्या प्लेट घाला, झोकात दिसतं.

आजीचं मऊ झालेलं इरकली लुगडं घरात पडून असेल तर त्याच्याइतकं चांगलं कापड नाही. काठ खाली आणायचा, म्हणजे फ्रॉकला आपसूक किनार मिळते आणि खालची दुमडही वाचते. एवढंच की लुगड्याचा काठ लांबीच्या बाजूनं जातो, त्यामुळं काठ खाली घेतला की कापडाचा उभा धागा आडवा होतो. एरवी घेर कापताना उभा धागा वरून खाली ठेवावा, कारण तसा ठेवला की चुण्या सरळ खाली पडतात. आडव्या धाग्यावर त्या जरा फुगून उभ्या राहतात. नव्या कडक कापडाला हा फरक चांगलाच कळतो, वापरून मऊ झालेल्या लुगड्याला फारसा नाही. काठ सोडू नका.

मापाचा हिशोब

समजा बॉडीचा खालचा घेर तयार मापात २६ इंच आहे, म्हणजे पुढं १३ आणि मागं १३. बाजूच्या शिवणीला दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच धरला की बॉडीचा प्रत्येक तुकडा खाली १४ इंच रुंद. घेर दुप्पट, म्हणजे पुढं २६, मागं २६. शिवणी धरून प्रत्येकी २७ इंच. घेराची तयार उंची १४ हवी असेल तर वर अर्धा इंच शिवणीला, खाली दीड इंच दुमडीला, एकूण १६. म्हणजे २७ बाय १६ चे दोन तुकडे.

४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात हे दोन तुकडे एकाखाली एक ठेवले तर ३२ इंच लांबी लागते आणि बाजूला १७ इंच रुंदीची पट्टी उरते. तिच्यात बॉडीचे दोन्ही भाग निघतात. मीटरभर कापडात बिनबाह्यांचा फ्रॉक आरामात बसतो. दुकानदार दीड मीटर घ्या म्हणेल. झालर लावायची असेल तर घ्या.

बॉडीच्या बाजूच्या शिवणी आत्ताच घालू नका. आधी पुढच्या बॉडीला पुढचा घेर, मागच्या बॉडीला मागचा घेर जोडायचा, आणि मग काखेपासून खालपर्यंत एकाच टिपेत बाजू बंद करायची. गोल बॉडीला गोल घेर जोडायला सरावलेला हात लागतो. नव्यांनी सपाटच शिवावं. मागं बटणपट्टी असेल तर ती आधी पूर्ण करा, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून खाली कच्चा टाका मारा आणि मागची बॉडी एकसंध तुकडा समजून चालवा.

मशीन तयार करताना

काळी पायमशीन या कामाला उत्तम. ती पायाच्या चालीनं हवी तितकी हळू चालते, शेवटचे दोन-तीन टाके चाक हातानं फिरवून घेता येतात, आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. आपल्याकडं ही शेवटची सोय लहान नाही.

सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमलीला ११. सुई बोथट असेल तर बदलाच. बोथट सुई पातळ कापडाचा धागा खेचते आणि चुण्यांच्या ओळीत आडवी रेघ उमटते. बॉबिनची डबी काढून आतलं कापसाचं फरं ब्रशनं झाडून घ्या. तेल घातलं असेल तर आधी चिंधीवर चार हात चालवा, नाहीतर पहिला काळा डाग नेमका पुढच्या घेरावर पडतो.

आता दोन बदल. पहिला टाक्याचा. रोजच्या शिवणीत एका इंचात दहा-बारा टाके येतात. चुण्यांसाठी ते सहा-सातवर आणा. बहुतेक काळ्या मशिनींवर टाक्याचा खटका जितका खाली, तितका टाका लांब. दुसरा बदल वरच्या दोऱ्याच्या टेन्शनचा, म्हणजे ताणाचा. चकतीपुढची चक्री डावीकडं थोडीशी फिरवून टेन्शन सैल करा. असं केलं की खालचा, म्हणजे बॉबिनचा दोरा कापडाखाली सरळ पडून राहतो आणि ओढला की सरकतो. फार सैल केलं तर खाली दोऱ्याची गुंतवळ होते. म्हणून त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून बघा: खालचा दोरा ओढल्यावर कापड सुळकन गोळा झालं पाहिजे.

बॉबिनला वेगळ्या रंगाचा, पक्का दोरा भरा. गुलाबी कापडाला निळा, पिवळ्याला लाल, कसाही. कोणता दोरा ओढायचा आणि नंतर कोणता काढायचा ते डोळ्यांना लगेच कळतं. जुन्या रिळातला कुजका दोरा या कामाला वापरू नका. तो हमखास अर्ध्यात तुटतो.

खुणा

घेराचा तुकडा मधोमध दुमडा, वरच्या काठावर घडीपाशी कात्रीच्या टोकानं एक सूत खाच द्या. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, टेलरकडं सगळा हिशोब इंच-सुतातच चालतो.) आता दोन्ही बाजूंचा शिवणीचा अर्धा-अर्धा इंच सोडून उरलेल्या २६ इंचांचे चार भाग करा, प्रत्येकी साडेसहा इंच. तिथं खडूची खूण. बॉडीच्या खालच्या काठालाही तसंच: अर्धा-अर्धा इंच सोडून १३ इंचांचे चार भाग, प्रत्येकी सव्वातीन इंच.

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जणी नेमकं हेच गाळतात. मग डावीकडं दाट आणि उजवीकडं विरळ चुण्या येतात, आणि दोष मशिनीला लागतो. चार भाग केले की २६ इंचांचा प्रश्न साडेसहा इंचांचा होतो. साडेसहा इंच सव्वातीनमध्ये नीट पसरायला नवख्या हातालाही जमतात. लांब झालर असेल तर चाराऐवजी आठ भाग करा.

दोन टिपा

एका टिपेवर चुण्या घालू नयेत. एका दोऱ्यावर कापड फिरतं, चुण्या तिरक्या होतात, आणि तो दोरा तुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन समांतर टिपांमध्ये चुणी दोन ठिकाणी धरली जाते, म्हणून ती सरळ उभी राहते.

आपली पक्की शिवण काठापासून चार सुतांवर, म्हणजे अर्ध्या इंचावर येणार आहे. पहिली कच्ची टीप तीन सुतांवर मारा, दुसरी पाच सुतांवर. पक्की टीप बरोबर त्यांच्या मधून जाईल. कापडाची सुलट बाजू वर ठेवा, म्हणजे ओढायचा दोरा उलट बाजूला येतो. टीप बाजूच्या काठापासून अर्धा इंच आत सुरू करा आणि दुसऱ्या बाजूला अर्धा इंच आधी संपवा. शिवणीच्या त्या अर्ध्या इंचात चुण्या नकोत, नाहीतर बाजूची शिवण जाड होते.

सुरुवातीला किंवा शेवटी मागं-पुढं टीप मारून गाठ करू नका. हाताला सवय असते, म्हणून मुद्दाम सांगितलं. दोन्ही टोकांना पाच-सहा इंच दोरा मोकळा सोडून कापा. दोन्ही टिपा एकमेकींना कुठंही छेदता कामा नयेत. छेदल्या तर दोरा तिथंच अडकतो.

सिल्क किंवा सॅटिनवर सुईचं भोक तसंच राहतं. तिथं पाच सुतांची टीप मारायची नाही. दोन्ही टिपा शिवणीच्या आत घ्या, दोन आणि तीन सुतांवर.

ओढणं आणि पसरवणं

बॉडी आणि घेर, सुलटीला सुलट बाजू लावून धरा, घेर वर. मधली खूण मधल्या खुणेला, चौथाईची चौथाईला, टोकं टोकांना. अशा पाच ठिकाणी टाचण्या लावा. टाचणी काठाला आडवी नाही, उभी. म्हणजे तिचं टोक काठाकडं येतं आणि चुण्या तिच्या दोन्ही बाजूंना सरकू शकतात. आता टाचण्यांच्या मध्ये घेराचं कापड झोळीसारखं लोंबेल. ते तसंच लोंबलं पाहिजे.

एका टोकाला टाचणी लावून त्या बाजूचे खालचे दोन्ही दोरे तिच्याभोवती इंग्रजी आठासारखे गुंडाळा. ते आता सुटत नाहीत. दुसऱ्या टोकाचे बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र चिमटीत धरा आणि हळूहळू ओढा. निळे दोरे ओढायचे, गुलाबी नाही. उजव्या हातानं दोरा ताणून धरायचा, आणि डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीनं कापड दोऱ्यावरून पुढं ढकलायचं. झटका द्यायचा नाही. दोरा तुटतो तो ताणानं कमी, झटक्यानं जास्त.

ओढणं मधल्या खुणेपर्यंतच. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या टोकाकडून करा. एकाच टोकाकडून २६ इंच ओढायला गेलात तर दूरच्या टोकापर्यंत जोर पोचत नाही आणि जवळ गठ्ठा होतो.

घेर बॉडीएवढा झाला की त्याही टोकाचे दोरे टाचणीला गुंडाळा. मग खरी बैठक. प्रत्येक चौथाईत टाचणीच्या टोकानं चुण्या एक-एक करून सरकवा. जिथं दाट दिसतात तिथून विरळ जागेकडं. डोळ्यांवर भरवसा नसेल तर बोटांच्या टोकांनी दोन टिपांमधली पट्टी चाचपा. जाडी सगळीकडं सारखी लागली पाहिजे. झालं की एका हातानं काठ दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं घेर खालच्या बाजूला हलकेच ताणा. या एका ताणानं चुण्या ओळीत येतात आणि आडव्या पडलेल्या उभ्या होतात. शेवटी दर इंचावर एक टाचणी लावा.

पक्की टीप

मशीन पूर्ववत करायला विसरू नका: टाका परत लहान, टेन्शन परत होतं तिथं. सैल टेन्शनवर मारलेली पक्की टीप पोरीनं फ्रॉक अंगात घालताना उसवते.

घेर वर, बॉडी खाली ठेवून शिवा. चुण्या डोळ्यांसमोर राहिल्या पाहिजेत. त्या खाली गेल्या तर कापड पुढं सरकवणारे मशिनीचे दाते त्यांना कुठं लोटतील ते कळत नाही. दोन कच्च्या टिपांच्या बरोबर मधून, सावकाश. मशिनीच्या फुटाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) पुढं येणारी प्रत्येक चुणी शिवणीशी काटकोनात आहे ना, ते बघत टाचणीच्या किंवा शिवण उसवायच्या काट्याच्या टोकानं ती सरळ धरायची. बोट सुईजवळ न्यायचं नाही. टाचण्या फुटापाशी येण्याआधी काढत जा; सुई टाचणीवर आदळली तर तिचं टोक वाकतं आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडं उडू शकतो.

शिवून झालं की सुलट बाजूनं बघा. कुठं चुणीऐवजी चपटी घडी शिवली गेली असेल तर तेवढेच दोन इंच उसवा, चुण्या पसरा आणि पुन्हा टीप मारा. कच्चे दोरे अजून आत आहेत, म्हणून दुरुस्ती सोपी जाते. ते आधी काढून टाकले तर हीच दुरुस्ती तासाभराची होते. सगळं मनासारखं झालं की पाच सुतांवरची कच्ची टीप ओढून काढा. तीन सुतांवरची आत राहिली तरी बिघडत नाही.

काठाचे धागे सुटू नयेत म्हणून त्याला इंटरलॉक करून घ्या. तालुक्याच्या गावी पिको-फॉलवाल्यांकडं हे बहुधा करून मिळतं. शिवण वर बॉडीकडं वळवा आणि बॉडीवर काठाजवळून एक दाबटीप मारा. इस्त्री फक्त शिवणीवर. चुण्यांमध्ये इस्त्रीचं टोक खालून वर घुसवायचं आणि शिवणीपाशी थांबायचं. चुण्यांवर इस्त्री सपाट ठेवली तर त्या कायमच्या चिरडतात.

आता बाजू बंद करा, खाली दीड इंच दुमडा, फ्रॉक झाला.

झालर लावायची असेल तर

रीत हीच, हिशोब तेवढा मोठा. खालचा घेर ५२ इंच, झालर दुप्पट म्हणजे १०४. ४४ च्या पन्ह्यात आडव्या कापलेल्या अडीच पट्ट्या लागतील. अडीच कशाला, तीन घ्या आणि पूर्ण वापरा. जोड जाऊनही १२९-१३० इंच भरतात आणि झालर अडीचपट होते. पट्ट्या आधी एकमेकींना जोडा आणि खालचा काठ चुण्या घालण्याआधीच दुमडून शिवून टाका. कच्ची टीप प्रत्येक जोडापाशी तोडा आणि पलीकडून नवी सुरू करा. जोडाच्या जाडीवरून दोरा सरकत नाही, हट्ट केला की तुटतो.

बंजारा तांड्यावरचा जुना फेटिया (घागरा) कधी हाताळायला मिळाला तर रुंद कमरपट्टीखाली घेर कसा गोळा केलाय ते उलट बाजूनं बघून घ्या. इतक्या वजनाचं काम वर्षानुवर्षं टिकतं कसं, ते तिथं दिसतं.

आणखी काही रीती

टाका सगळ्यांत लांब आणि वरचं टेन्शन एकदम घट्ट केलं, तर पातळ कापडाच्या एकेरी पट्टीवर टीप मारता-मारताच चुण्या पडतात. झबल्याच्या गळ्याच्या बारीक झालरीला हे झकास. कमरेला नको, कारण किती गोळा होईल ते आपल्या हातात राहत नाही.

चुण्यांचा वेगळा फूट बाजारात मिळतो. तोही असाच आपोआप गोळा करतो. तो घ्यायचा तर आधी १० इंचाची चिंधी त्याखालून काढून किती इंच उरते ते मोजा आणि त्या प्रमाणात कापड कापा. १० चे ५ झाले तर दुप्पट लागेल. मीटरच्या मीटर झालर लागणाऱ्या कामाला, पडद्यांना आणि पलंगपोसांना, तो पैसे वसूल करतो. वर्षाला दोन फ्रॉक शिवणारीनं त्याच्या नादी लागू नये.

जाड कापडाला कच्च्या टिपेचा दोरा पुरत नाही. झिगझॅग मशीन असेल तर शिवणीच्या आत बारीक पण मजबूत सुतळी ठेवून तिच्यावरून रुंद झिगझॅग मारा, सुई सुतळीत घुसू देऊ नका, आणि मग सुतळी ओढा. ती तुटतच नाही. काळ्या मशिनीवर झिगझॅग नसतो. तिथं जाड सुईत दुहेरी दोरा ओवून हातानं दोन ओळी धावदोरा घाला. वेळ लागतो, पण दगा देत नाही.

आणि छातीवर ताणल्या जाणाऱ्या चुण्या हव्या असतील, तर इलॅस्टिकचा बारीक दोरा बॉबिनवर हातानं, न ताणता गुंडाळा. वर साधाच दोरा. लांब टाक्यानं अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर टिपा मारा. दुसऱ्या टिपेपासून कापड दोन्ही हातांनी सपाट ताणून धरावं लागतं, कारण आधीची ओळ ते गोळा करत असते. टोकांच्या गाठी हातानं मारा. सगळ्या टिपा झाल्यावर उलट बाजूनं वाफेची इस्त्री कापडाला न टेकवता वरून फिरवली की इलॅस्टिक आणखी आखडतं, म्हणून बॉडीचं अंतिम माप त्यानंतरच घ्या आणि बाजू मग कापा.